मातीच्या धाकावर चाललेले गाव

ज्या समाजाकडे राजवाडा नाही, खडे सैन्य नाही आणि लिहून ठेवलेला कायदा नाही, तो समाज असंस्कृत, हे गृहीत धरूनच एकोणिसाव्या शतकातील युरोपीय सत्तांनी आफ्रिकेचा नकाशा आपसांत वाटून घेतला. अशा समाजाला इतिहास नसतो, म्हणून त्याच्या रीतिरिवाजांचा विचार करण्याचेही कारण नाही, अशी या वाटणीमागची धारणा होती. नायजेरियाच्या आग्नेय भागातील एका इग्बो गावाने या धारणेला दिलेले उत्तर सुमारे हजार वर्षे जमिनीखाली पडून होते. गावाचे नाव इग्बो-उक्वू. आज ते अनाम्ब्रा राज्यात मोडते.

१९३८ मध्ये या गावातील आयझाया अनोझी नावाचा गृहस्थ आपल्या अंगणात पाणी साठवण्यासाठी खड्डा खणत होता. फार खोल जाण्याआधीच कुदळ धातूला लागली. आतून नक्षीदार कांस्यपात्रे निघू लागली. त्याला त्यांचे मोल ठाऊक असण्याचे कारण नव्हते. काही भांडी शेळ्यांना पाणी पाजण्याच्या कामी लागली, काही वस्तू औषधी गुणाच्या समजून शेजाऱ्यांनी नेल्या. पुढे तेथील एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हे लक्षात आले. त्याने त्यांतील बऱ्याच वस्तू विकत घेतल्या आणि त्यांची माहिती प्रसिद्ध केली. शास्त्रशुद्ध उत्खननाला मात्र वीस वर्षे वाट पाहावी लागली. १९५९-६० आणि १९६४ मध्ये पुरातत्त्वज्ञ थर्स्टन शॉ यांनी आयझाया, रिचर्ड आणि जोना या तीन अनोझी बंधूंच्या आवारांत खोदकाम केले. ती तीन स्थळे आजही पुरातत्त्वाच्या ग्रंथांत त्या तिघांच्याच नावाने ओळखली जातात.

तेथे जे सापडले त्याने जाणकार चकित झाले. एका ठिकाणी विधींची उपकरणे ठेवण्याची जागा होती, दुसऱ्या ठिकाणी अशा वस्तू पुरून टाकण्याचा खड्डा आणि तिसऱ्या ठिकाणी दफनाची खोली. खोलीत एका थोर पुरुषाला आसनावर बसवून, मुकुट व अलंकारांसह, हस्तिदंतांच्या सान्निध्यात पुरलेले होते. एक कांस्यकलश दोरीच्या जाळीत बसवल्यासारखा दिसतो. ती दोरी, तिच्या गाठी, तिचे पीळ, सारे धातूचेच आहे. शंखाकार पात्रावर बिबट्या उभा आहे. काही वस्तूंवर माशा आणि कीटक इतके बारीक घडवले आहेत की ते नुकतेच येऊन बसले असावेत असे वाटते. मेणाचा साचा करून तो वितळवून धातू ओतण्याच्या पद्धतीने हे काम झाले आहे. सोबत काचेचे व दगडाचे दीड लाखाहून अधिक मणी निघाले. किरणोत्सर्गी कार्बनच्या चाचण्यांनी काळ निघाला तो नवव्या शतकाच्या आसपासचा. अलीकडे झालेल्या फेरतपासणीनेही हे अवशेष युरोपीय जहाजे या किनाऱ्याला लागण्याच्या कित्येक शतके आधीचे असल्याचेच दाखवले आहे.

इतका जुना काळ मान्य करणे अनेक विद्वानांना जड गेले. एवढी प्रगल्भ कला बाहेरूनच आली असणार, असा तर्क झाला. पुढे धातूच्या पृथक्करणाने तोही निकालात काढला. तांबे, शिसे आणि कथील यांचे स्रोत नायजेरियातीलच असल्याचे दिसून आले. बाहेरून आले ते मणी. त्यांची वाट सहारा ओलांडून इजिप्त व पश्चिम आशियापर्यंत जाते, आणि काही मणी भारतातून आले असावेत असेही काही अभ्यासकांनी सुचवले आहे. म्हणजे हे गाव जगापासून तुटलेले नव्हते. जगाशी देवाणघेवाण करत असतानाही त्याने आपली कला आणि आपली व्यवस्था स्वतःच घडवली होती.

राजा नसलेले राज्य

ही संपत्ती कोणत्या सम्राटाची, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर इग्बो-उक्वूच्या शेजारच्या न्री या गावात सापडते. नायजेरियन मानववंशशास्त्रज्ञ अंगुलू ओन्वुएजेओग्वू यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या उत्खननाचा संबंध न्रीच्या पुरोहित-राजपरंपरेशी जोडला. न्रीची उत्पत्तिकथा मोठी अर्थपूर्ण आहे. आदिपुरुष एरी आकाशातून उतरला तेव्हा पृथ्वी दलदलमय होती. अवका गावच्या लोहाराने आपल्या भात्याने ती वाळवली. पुढे अन्न मिळेना तेव्हा परमेश्वर चुकवूच्या आज्ञेने पुत्र व कन्या यांचे बलिदान झाले आणि त्यांच्या दफनभूमीतून याम व अळकुडी ही पिके उगवली. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा मोठा कंद. तो पुरुषांचे पीक आणि अळकुडी स्त्रियांचे. लोहार, शेतकरी आणि पुरोहित या तिघांनाही या कथेत मानाचे स्थान आहे. तिच्या केंद्रस्थानी युद्ध नाही, अन्न आहे.

न्रीच्या पुरोहित-राजाला 'एझे न्री' म्हणतात. त्याच्याकडे सैन्य नव्हते. त्याची सत्ता होती ती मातीच्या पावित्र्यावर. इग्बो धर्मकल्पनेत भूमी ही देवी आहे, तिचे नाव आला किंवा आनी. नरहत्या, अगम्यगमन, यामची चोरी हे केवळ माणसांविरुद्धचे गुन्हे नव्हेत. त्यांनी भूमी विटाळते. हा विटाळ दूर करण्याचा अधिकार न्रीच्या पुरोहितांचा. चेहऱ्यावर विशिष्ट गोंदणरेषा आणि हाती शांततेचा दंड घेऊन ते गावोगाव फिरत, तंटे मिटवत, भूमीची शुद्धी करत. शस्त्राविना फिरणाऱ्या या माणसांना इजा करण्याचे धाडस कोणी करत नसे. राजपदाची घाई नव्हती. एक एझे न्री वारल्यावर परंपरेप्रमाणे किमान सात वर्षे आसन रिकामे राहते आणि मगच संकेत पाहून उत्तराधिकारी ठरतो. दरवर्षी साधारण फेब्रुवारीत 'इगु आरो' उत्सवात एझे न्री नव्या वर्षाची गणना जाहीर करतो आणि पेरणीचा हंगाम सुरू होतो.

गावाचा रोजचा कारभार तर त्याहून विकेंद्रित. एका मूळपुरुषाच्या वंशजांची भावकी म्हणजे 'उमुन्ना'. तिच्या वडीलधाऱ्याच्या हाती 'ओफो' नावाची पवित्र काठी असते. ती हाती घेऊन खोटे बोलणाऱ्याचा सर्वनाश होतो अशी श्रद्धा असल्याने, निवाडा देणारा स्वतःच त्या काठीने बांधलेला असे. समवयस्कांचे गट रस्ते, झरे व बाजाराची जागा राखत. 'ओझो' ही पदवी मिळवायची तर संपत्ती साठवून भागत नसे. ती गावजेवणांत, विधींत आणि इतर पदवीधरांत वाटून टाकावी लागे, आणि पदवी घेतल्यावर असत्य व हिंसा वर्ज्य होत. श्रीमंतीला प्रतिष्ठेत बदलण्याचा हा मार्ग श्रीमंताच्या हाती दंडसत्ता जाऊ देत नसे. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलींचाही संघ असे, 'उमुआडा'. माहेरच्या भांडणात, अंत्यविधीत आणि अन्याय करणाऱ्या भावाला वठणीवर आणण्यात या लेकींचा शब्द चाले. इग्बोंना राजा नसतो, ही त्यांच्यातील जुनी म्हण अराजकाची कबुली मुळीच नव्हे. सत्ता एका हाती जाऊ नये, यासाठी राखलेल्या सावधपणाची ती खूण आहे.

हा सावधपणा साध्या साध्या आचारांतूनही दिसतो. पाहुणा आला की कोलाचे बी पुढे करायचे, जसे आपल्याकडे पानसुपारीचे तबक. पण ते थेट खायचे नसते. उपस्थित प्रत्येक गावच्या प्रतिनिधीला ते दाखवले जाते, वडीलधारा पूर्वजांना आवाहन करून आशीर्वाद मागतो, मग ते फोडले जाते. त्याच्या चार पाकळ्या निघाल्या तर शुभ, कारण इग्बो आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिये, आफो आणि न्क्वो. प्रत्येक दिवस कोणत्या ना कोणत्या गावाच्या बाजाराचा. असे सात आठवडे म्हणजे एक महिना, तेरा महिने म्हणजे वर्ष. बाजाराचे चक्र आणि काळाचे चक्र एकच असल्याने शेजारची गावे एकमेकांच्या सोयीने बांधलेली असत. पावसाळा सरत येताना नव्या यामचा सण येतो. आधी देवाला व पूर्वजांना अर्पण, मग वडीलधाऱ्याच्या मुखी आणि त्यानंतर घराघरांत. त्याआधी नवा कंद खाणे निषिद्ध. कच्चे पीक उपटून पुढच्या वर्षीचे बियाणे संपवू नये, हा शहाणपणा सणाच्या पोटात आहे.

दिसले नाही ते मोडले

ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रदेश ताब्यात घेतला तेव्हा त्यांना येथे 'कोणीच राज्य करत नाही' असे दिसले. १९१४ मध्ये उत्तर व दक्षिण नायजेरिया एकत्र करणारे फ्रेडरिक लुगार्ड हे १८५८ साली मद्रासमध्ये जन्मलेले, भारतातील ब्रिटिश सैन्यात सेवा केलेले अधिकारी. स्थानिक राजामार्फत कर गोळा करायचा आणि हुकूम चालवायचे, ही त्यांच्या कारभाराची पद्धत. नायजेरियाच्या उत्तरेत अमीर होते, तेथे ती बसली. इग्बो प्रदेशात राजे नव्हते, म्हणून सरकारने ते तयार केले. सनद देऊन नेमलेल्या या प्रमुखांपैकी कित्येकांना भावकीत काडीचाही मान नव्हता. ज्याच्या हाती ओफो नव्हती त्याच्या हाती न्यायालयाचा शिक्का आला. आणि ज्याच्या हाती ओफो होती त्याला गप्प केले गेले. १९११ मध्ये एझे न्रीला जाहीरपणे आपल्या धार्मिक निर्बंधांचा त्याग करायला भाग पाडण्यात आले. एका समाजाची नैतिक घटनाच एका दिवसात रद्द करण्याचा तो प्रकार होता.

त्याचे फळ लवकरच दिसले. १९२९ च्या नोव्हेंबरात, इग्बो-उक्वूच्या दक्षिणेस आबा परिसरातील ओलोको गावी सनदी प्रमुखाचा माणूस घरे, माणसे व गुरे मोजत न्वान्येरुवा नावाच्या स्त्रीच्या दारी आला. पुरुषांवर कर लादण्याआधीही अशीच मोजणी झाली होती. आता स्त्रियांची पाळी, हे तिने ओळखले. बातमी बाजारांच्या वाटेने पसरली आणि हजारो स्त्रिया जमल्या. त्यांनी वापरलेले शस्त्र परंपरेतलेच होते. अन्यायी पुरुषाच्या दारी ठाण मांडायचे, गाण्यांतून त्याचे अपराध रात्रंदिवस ऐकवायचे, तो नमेपर्यंत उठायचे नाही. इंग्रज अधिकाऱ्यांना या जुन्या सामाजिक दंडविधानात दंगल दिसली. गोळीबार झाला, पन्नासहून अधिक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. पण सनदी प्रमुखांची व्यवस्था त्यानंतर टिकली नाही. ज्या स्त्रियांना राज्यकर्ते हिशेबातच धरत नव्हते, त्यांच्या संघटनेपुढे साम्राज्याला माघार घ्यावी लागली.

खेदाची गोष्ट अशी की स्वातंत्र्यानंतरही हीच चूक पुन्हा झाली. १९७६ च्या स्थानिक शासन-सुधारणांनंतर इग्बो प्रदेशात गावोगावी शासनमान्य 'पारंपरिक राजे' नेमण्याची पद्धत रूढ झाली. ज्या गावांच्या परंपरेत राजा नव्हता तेथे परंपरेच्या नावाने राजा आला, आणि त्यासोबत गादीचे तंटे व न्यायालयीन खटलेही आले. परकीय सत्तेने लावलेला चष्मा सत्ता गेल्यावरही डोळ्यांवर राहतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

घरातूनच पडलेली भेग

तथापि सारा दोष बाहेरच्यांच्या माथी मारला की परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याचे काम संपत नाही. इग्बो-उक्वूच्या त्याच दफनाच्या खोलीवर किमान पाच माणसांचे अवशेष मिळाले आहेत. धन्यासोबत त्यांचीही आयुष्ये संपवली गेली असावीत. त्या देखण्या कांस्यपात्रांइतकेच हे अवशेषही त्या समाजाचा इतिहास आहेत. पुढे अटलांटिक गुलामव्यापाराच्या काळात बियाफ्राच्या आखातातून सुमारे पंधरा लाख माणसे जहाजांत कोंबून नेली गेली. त्यांत इग्बोंचा वाटा फार मोठा होता. विकत घेणारे युरोपीय होते, पण अंतर्भागातून माणसे किनाऱ्यापर्यंत पोहोचवणारे व्यापारी आणि दैवी कौलाच्या नावाने आरोपींना विकणारे याच भूमीतले होते.

त्याहून खोल जखम होती 'ओसू' प्रथेची. ओसू म्हणजे देवतेला वाहिलेला माणूस. आरंभी त्यात पावित्र्याचा भाव असेलही, पण व्यवहारात त्याची संतती पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कृत झाली. त्यांच्याशी विवाह नाही, पदवी नाही, वस्ती वेगळी. जुळी मुले अशुभ मानून रानात टाकली जात. १८५७ मध्ये नायजर नदीकाठच्या ओनित्शा येथे चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे उभे राहिले. ते स्थापणारे सॅम्युअल अजायी क्राउथर स्वतः गुलामीतून सुटलेले योरुबा होते. १८८५ मध्ये कॅथलिक मिशनरी आले. त्यांनी शाळेला धर्मप्रसाराचे मुख्य साधन केले. सर्वप्रथम त्यांच्याकडे गेले ते ओसू, जुळ्यांच्या दुःखी माता आणि गावाने दूर लोटलेले लोक. शाळेचे, नोकरीचे आकर्षण होते, सत्तेचे पाठबळही होते. पण ज्या दारातून ही माणसे बाहेर पडली ते दार गावानेच त्यांच्यासाठी बंद करून ठेवलेले होते. जो समाज आपल्याच माणसाला आपला म्हणत नाही, त्याला तो माणूस दुसऱ्याचा झाल्याची तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.

आज इग्बो समाज प्रचंड बहुसंख्येने ख्रिस्ती आहे. तरी कथा तेथे संपत नाही. अनाम्ब्रातील ओगिडी गावच्या एका ख्रिस्ती धर्मशिक्षकाच्या पोटी १९३० मध्ये जन्मलेल्या चिनुआ अचेबे यांनी १९५८ मध्ये पहिली कादंबरी लिहिली ती याच मोडलेल्या ग्रामव्यवस्थेवर. पित्याने सोडलेल्या परंपरेला पुत्राने जगाच्या साहित्यात मानाने उभे केले. आणि त्यांनीच १९६० च्या दुसऱ्या कादंबरीत ओसू प्रथेने उद्ध्वस्त होणारे प्रेमही तितक्याच परखडपणे मांडले. पूर्वजांचा गौरव आणि पूर्वजांच्या अपराधाची जाण एकाच लेखणीत असू शकते, हे अचेबे यांचे मोठेपण.

कायद्यानेही आपले काम केले. पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने १९५६ मध्ये ओसू प्रथा बेकायदा ठरवली. २०१४ मध्ये नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलीला पित्याच्या मालमत्तेत वारसा नाकारणारी इग्बो रूढी घटनाविरोधी ठरवली आणि त्याच वर्षी, अवका येथील एका खटल्यात, मुलगा नसलेल्या विधवेला घराबाहेर काढू पाहणाऱ्या रूढीलाही कठोर शब्दांत फटकारले. मात्र लग्न ठरवताना 'घराणे कोणते' याची चौकशी आजही गुपचूप होते. चर्चमध्ये एका बाकावर बसणारे दोघे व्याही होताना अडखळतात. धर्म बदलला, कायदा बदलला, पण मन तेथेच राहिले. अलीकडच्या वर्षांत काही पारंपरिक राजे व धर्मप्रमुख पुढे येऊन ही प्रथा संपल्याच्या घोषणा करू लागले आहेत. ज्या भूमीच्या नावाने हा बहिष्कार घातला गेला, तिच्याच नावाने तो मागे घेतला जाणे हाच खरा उपाय आहे. परंपरेने बांधलेली गाठ परंपरेच्या हातांनी सुटते तेव्हा ती पुन्हा बसत नाही.

जे टिकले ते का टिकले

१९६७ ते १९७० या यादवी युद्धात बियाफ्राचे प्रजासत्ताक चिरडले गेले, उपासमारीने व शस्त्रांनी लाखो माणसे मेली. योगायोग असा की शॉ यांचा इग्बो-उक्वूवरील ग्रंथ १९७० मध्येच प्रसिद्ध झाला. रिक्त हाताने उभा राहिलेला हा समाज पुन्हा सावरला तो कोणत्या बळावर? सावकाराच्या नव्हे, प्रथेच्याच. तरुणाने जाणत्या व्यापाऱ्याकडे काही वर्षे बिनपगारी उमेदवारी करायची आणि मुदत संपली की धन्याने त्याला भांडवल देऊन स्वतंत्र दुकान थाटून द्यायचे, या 'इग्बा बोई' पद्धतीने हजारो घरे उभी राहिली. यातला व्यवहार बहुतांशी शब्दावर चालतो. ओफोचा धाक गेला असेल, दिलेल्या शब्दाची लाज उरली आहे.

ग्रामसंघांनी वर्गणी काढून शाळा व दवाखाने बांधले. दर ऑगस्टमध्ये लागोसपासून परदेशापर्यंत विखुरलेल्या स्त्रिया आपापल्या गावी सभेला येतात आणि गावाच्या कामांचा हिशेब मागतात. १९२९ च्या त्या रणरागिणींचे हे आजचे रूप. नव्या यामचा सण चर्चला जाणारे गावही साजरा करते आणि कोलाचे बी फोडताना आशीर्वाद इग्बो भाषेतच मागितला जातो. 'इजेले' हे अनाम्ब्रातील भव्य मुखवट्याचे नृत्य २००९ मध्ये युनेस्कोच्या सूचीत गेले. दुसरीकडे काही अतिउत्साही धर्मप्रचारक पूर्वजांची देवळे व मूर्ती जाळत फिरतात, आणि इग्बो-उक्वूची कांस्यपात्रे पाहायची तर गावच्या मुलाला दूर लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावे लागते. वारसा एकीकडे जळतो आहे आणि दुसरीकडे काचेआड बंद आहे.

यातून जे दिसते ते स्पष्ट आहे. पदवी घ्यायची तर संपत्ती वाटावी लागेल, निवाडा करायचा तर खोटे बोलता येणार नाही, लेक परगावी गेली तरी तिचा आवाज माहेरी राहील: अशा प्रथा माणसाला बांधतात आणि जोडतातही, म्हणून सत्ता, धर्म, युद्ध सारे बदलूनही त्या वेगळ्या रूपात उगवून येतात. ज्या प्रथा माणसाला माणसापासून तोडत होत्या त्यांनी मात्र परक्याला वाट करून दिली आणि आपल्यासोबत चांगल्यालाही ओढून नेले. परंपरेचे रक्षण करायचे म्हणजे हा निवाडा दुसऱ्यावर न सोपवता स्वतः करायचा. तो परका करील तेव्हा ओफो आणि ओसू यांतला भेद त्याला कळणार नाही. तो दोन्ही मोडील. घरच्यांनी वेळीच केला तर एक जपता येते आणि दुसरे टाकता येते. इग्बो-उक्वूच्या मातीने हजार वर्षे कांस्य जपले, ते न गंजता पुन्हा हाती दिले. मातीने आपले काम केले आहे. त्या मातीचा न्याय सर्व लेकरांना सारखा मिळेल हे पाहण्याचे काम आता तेथल्या माणसांचे आहे.